डल्सिआनाच्या चव्वेचाळीस नळ्या

मंगळवार, ४ मार्च १९८६

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, माझ्या डोळ्यांदेखत, सेंट बोटॉल्फ चर्चच्या ऑर्गनमधून डल्सिआनाच्या चव्वेचाळीस नळ्या काढून नेल्या. वेळ अंदाजे लिहिलेली नाही. मी एकतीस वर्षं वेल्सबीचं पोस्ट चालवलं आहे. मला अंदाजे वेळ सांगताच येत नाही.

मंगळवार, म्हणून पितळ पुसायला गेले होते. बाजूच्या छोट्या दारानं आत शिरले तर ऑर्गनची पुढची फळी उघडी आणि दोन माणसं एका लांबट पेटीत नळ्या निजवतायत. खाली घोंगडी, वर घोंगडी.

"कुठं नेताय ह्या?"

"कारखान्यात, बाई."

"दुरुस्तीला?"

त्यांतला थोराड हसला. "दुरुस्ती कसली! ह्या वितळवायच्या. ह्याच धातूच्या नव्या ओततील. छान, किणकिणणाऱ्या."

"कुणाच्या परवानगीनं?"

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. बिशपच्या कचेरीचा शिक्का, सही, सगळं होतं. "आम्ही ओझी वाहणारी माणसं, बाई. भांडायचं तर पाद्रीसाहेबांशी भांडा. चहा मिळेल का?"

चहा दिला. राग वेगळा आणि चहा वेगळा, एवढं नन्सच्या शाळेत शिकले आहे. बिस्किटं मात्र दिली नाहीत.

उद्या रेव्हरंड पार्जिटरना गाठायचं. त्यांना संगीतातलं काही कळत नाही, तेव्हा सोप्या शब्दांत सांगावं लागेल. ऑर्गनमध्ये नळ्यांच्या रांगा असतात. प्रत्येक रांगेचा आवाज वेगळा, आणि खुंटी ओढली की ती रांग बोलू लागते. डल्सिआना ही सगळ्यांत हळू बोलणारी रांग. इतकी हळू, की मंडळी उठून गप्पा मारू लागली की ती ऐकूच येत नाही. ती ऐकायला माणसाला गप्प बसावं लागतं. म्हणूनच बहुधा आमच्या गावाला ती नकोशी झाली.

बुधवार, ५ मार्च

रेव्हरंड पार्जिटर यांनी मला बसा म्हटलं. मी उभी राहिले.

"मिस रुडकिन, सगळं रीतसर झालंय. अर्ज केला, नोटीस लावली, अठ्ठावीस दिवस वाट पाहिली. एकाचीही हरकत आली नाही."

"नोटीस कुठं लावली होती?"

"मुख्य दारावर. कायद्यात तसंच आहे."

"मुख्य दार ओलीनं फुगतं म्हणून नाताळपासून ईस्टरपर्यंत बंद असतं. आपण सगळे बाजूच्या दारानं येतो. तुम्हीही. तुमची नोटीस अठ्ठावीस दिवस कुणी वाचली, माहितीये? कावळ्यांनी. आणि त्यांची हरकत नसावी."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मग म्हणाले की नवे ऑर्गनवादक मिस्टर थॅकवेल यांची फार इच्छा आहे. ऑर्गन १८७१ साली जसा होता तसा करायचा. नंतर घुसवलेलं काढायचं, आणि त्या जागी त्या काळच्या पद्धतीची, वरच्या सुरांची रांग बसवायची. ईस्टरच्या सकाळी ती पहिल्यांदा वाजेल. "तुम्हालाच सगळ्यांत जास्त आनंद होईल असं वाटलं होतं आम्हाला. ऑर्गनचा इतिहास तुम्हीच तर लिहिलात."

शुक्रवार, ७ मार्च

मिस्टर थॅकवेल घरी आले. चाळिशीचे, नम्र, हात स्वच्छ. माझी पुस्तिका सोबत आणली होती. 'सेंट बोटॉल्फचा ऑर्गन', सोळा पानं. त्यांनी समासात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. माझ्या पुस्तिकेत कुणी खुणा केलेल्या मी प्रथमच पाहत होते.

"पान नऊ," ते म्हणाले आणि वाचू लागले. "'डल्सिआना ही रांग मूळच्या ऑर्गनमध्ये नव्हती. ती १९११ साली, राज्याभिषेकाच्या वर्षी, गावातल्या स्त्रियांच्या आग्रहावरून बसवण्यात आली.' बघा, इतकं स्पष्ट कुणीच लिहून ठेवत नाही. आमच्या अर्जात पुरावा म्हणून हेच पान जोडलंय. बिशपच्या तज्ज्ञांनी तुमचं फार कौतुक केलं."

लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं. मग त्या कौतुकाचा अर्थ ध्यानात आला.

"नंतर आलेलं सगळं काढायचं असेल," मी म्हटलं, "तर तुम्ही मागच्या सप्टेंबरात आलात."

ते लालबुंद झाले. पण हटले नाहीत. "मिस रुडकिन, ती रांग कुणाला ऐकूच येत नाही हो. गीताला साथ देता येत नाही, मिरवणुकीला उपयोग नाही. ती असते कशासाठी?"

मी पुस्तिका मिटून त्यांच्या हातात दिली.

जाताना पान चौदा उघडून विचारलं, "इथं तुम्ही लिहिलंय, 'युद्धकाळात व त्यानंतर १९४७ पर्यंत भाता हातानेच मारला जाई.' कोण मारायचं?"

"नोंद नाही," मी म्हटलं.

रविवार, ९ मार्च

मदरिंग संडे. आईच्या नावानं फुलांच्या जुड्या वाटतात त्या सगळ्या बायकांना देतात, आई असोत नसोत. माझ्या हातात प्रिमरोझची जुडी देत आमच्या चर्चची विश्वस्त डोरीन फॉयल कुजबुजली, "आज तरी चेहरा जरा हसरा ठेव गं अ‍ॅग्नेस. सगळे तुला घाबरून मागच्या बाकांवर बसलेत."

"मग पुढचा गारठा मला एकटीला."

उपासना संपल्यावर मिस्टर थॅकवेल यांनी काहीतरी लखलखीत वाजवलं. चांगलं वाजवतात, हे मान्य करावं लागेल. मी बसून राहिले. सगळे गेले, मेणबत्त्या विझवल्या, तरी बसून राहिले. कशाची वाट पाहत होते कोण जाणे. डोरीन किल्ल्या वाजवत उभी राहिली तेव्हा उठले.

डोरीननंही परवानगीच्या अर्जावर सही केली आहे. विचारलं तर म्हणते, "मला वाटलं छपराचं काहीतरी आहे. दर वेळी छपराचंच असतं." या गावात लोक न वाचता सह्या करतात, आणि पुन्हा पोस्टात येऊन विचारतात की आम्ही कशावर सही केली.

शुक्रवार, १४ मार्च

स्लीफर्डच्या वृद्धाश्रमात जाऊन हर्बर्ट लीक यांना भेटले. वय त्र्याऐंशी. माझ्याआधी ऑर्गनमध्ये हवा भरणारा भाता त्यांच्याकडे होता. १९४३ च्या जुलैत गवताच्या गंजीवरून पडून त्यांचा खांदा मोडला. पुरुष सगळे युद्धावर. मी अठरा वर्षांची, नुकतीच शाळेतून आलेली, आणि दंडात जोर. ऑगस्टपासून भाता माझ्याकडे आला.

पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही. आपलं नाव आपणच इतिहासात घालणं मला प्रशस्त वाटलं नाही.

हर्बर्टची साक्ष घ्यायची होती, की तेव्हाचे ऑर्गनवादक मिस्टर सीवेल डल्सिआना दर रविवारी वाजवत असत. ती निरुपयोगी नव्हती.

"कोण, पोस्टवाली का? जीभ आणलीस की घरी ठेवून आलीस?"

"आणलीये. शिवाय पेपरमिंट."

एक गोळी गालात धरून ते सुरू झाले. "सीवेल? अगं तो ऑर्गनवादक नव्हता, राक्षस होता! दिसायला काटकुळा, भिंगासारखा जाड चष्मा, धान्याच्या वखारीतला कारकून. पण शेवटचं गीत संपलं की सगळ्या खुंट्या ओढायचा. सगळ्या! मंडळी बाहेर पडेपर्यंत छप्पर हादरवायचा, आणि मी मागे दांडा ओढून घामाघूम. एकदा मुद्दाम दांडा सोडला. ऑर्गन म्हशीसारखा रेकला आणि बंद पडला. तर हा फळीवर ठोकून म्हणतो, 'लीक, हवा कुठाय?' मी म्हटलं, 'माझ्या छातीत होती, संपली!'"

मी त्यांना सांगितलं की तुमच्या आठवणीत काहीतरी घोटाळा आहे. माझ्या काळात मिस्टर सीवेल शेवटी कधीच मोठ्यानं वाजवत नसत. शेवटी फक्त डल्सिआना.

"फक्त डल्सिआना?"

"फक्त."

"किती दिवस?"

"पावणेचार वर्षं. नाताळ, ईस्टर धरून. तेव्हाचे पाद्री चिडायचे, की ईस्टरला तरी जरा वाजवा. ऐकलं नाही. फार हट्टी माणूस."

हर्बर्टनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. गोळी या गालातून त्या गालात गेली. "पोरी," ते म्हणाले, "नन्सनी तुला नेमकं शिकवलं काय?"

माझ्या शिक्षणाचा इथं काय संबंध, असं मी विचारलं. म्हातारे हसत सुटले, हसता हसता ठसका लागला, आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

त्यांची साक्ष उपयोगाची नाही.

सोमवार, १७ मार्च

दंड दुखतोय, थंडीनं. भात्याची आठवण झाली.

ऑर्गनच्या मागे हातभर रुंदीची बोळ होती. तिथं लाकडी दांडा, आणि समोर दोरीला टांगलेला शिशाचा गोळा. भात्यात हवा भरली की गोळा खाली येई, संपत आली की वर चढे. पेन्सिलीची रेघ गाठायच्या आत दांडा मारायचा. सगळ्या खुंट्या ओढल्या की गोळा सरसर वर पळायचा. डल्सिआनाला मात्र तो जागचा हलत नसे. मी दांड्यावर हात ठेवून, पाठ भिंतीला टेकून उभी राहायची आणि ऐकायची. आठवडाभर पोस्टात शिक्के मारलेले हात. त्या पाच-सात मिनिटांत काहीच करावं लागत नसे.

मला त्यांचा चेहरा दिसत नसे. मध्ये लाकडी फळी. सुरू करताना दोन टकटक, आणि शेवटचा सूर विरला की फळीपलीकडून, "आभारी आहे, मिस रुडकिन." पावणेचार वर्षं दर रविवारी. मी म्हणायची, "त्यात काय."

११ मे १९४७ ला भात्याला विजेची मोटर बसली. नंतर एकदा ते पोस्टात एक तिकीट घ्यायला आले आणि बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. मागे कुणी नव्हतं म्हणून मीही त्यांना हटकलं नाही. मग म्हणाले, "मोटर थकत नाही, मिस रुडकिन."

मी म्हटलं, "मग सौदा चांगला झाला म्हणायचा, मिस्टर सीवेल."

सप्टेंबरात त्यांनी ट्रुरोला नोकरी धरली. इंग्लंडचं अगदी दुसरं टोक. मोटरची घरघर त्यांना सोसत नसावी.

बुधवार, १९ मार्च

लिंकनची बस. ऑर्गनच्या कारखान्यात गेले. मालक मिस्टर कॉटरिल, सत्तरीचे, अंगावर कातडी एप्रन, कानावर पेन्सिल. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी स्टूल पुसून दिलं.

नळ्या एका फळीवर ओळीनं मांडल्या होत्या. दिवसाच्या उजेडात मी त्या पहिल्यांदाच पाहिल्या. सगळ्यांत मोठी माझ्या कमरेपर्यंत, सगळ्यांत लहान करंगळीएवढी.

"ही रांग वाजवायचं कोण हो?" त्यांनी विचारलं.

"का?"

"तिची खुंटी पाहिली मी. वरच्या चकतीवरचं नाव पार झिजलंय. बाकी सगळ्यांची कोरी करकरीत. हिच्यावर कुणाचा तरी हात फार पडलाय."

"एक ऑर्गनवादक होते. युद्धाच्या वेळी."

"म्हणजे हाताच्या भात्यावर? मग भातेवाल्याचं नशीब!" ते हसले. "हिला हवा लागतेच किती? चमचाभर. मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे म्हातारे कारागीर सांगायचे, वादकाचं भातेवाल्याशी भांडण असेल तर सगळ्या खुंट्या, आणि जीव असेल तर डल्सिआना."

"भातेवाली," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

"भातेवाला नव्हता. भातेवाली होती."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी हातमोजे घातले. बरंच थंड होतं तिथं.

मग त्यांनी मधली एक नळी उचलली, तिचं टोक फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढे धरली. "फुंका. पण हळू. ही ओरडून ऐकणारी नाही."

मी जोरात फुंकली. नळी किंचाळली. "हळू," ते म्हणाले. "थंड काचेवर श्वास सोडतो तसं." पुन्हा फुंकली.

सूर किती वेळ टिकला ते मला सांगता येणार नाही. मनगटावर घड्याळ होतं. पाहिलं नाही.

ते पाठमोरे होऊन काहीतरी शोधत राहिले. फार वेळ शोधत राहिले. मग म्हणाले, "बाई, भट्टी गुरुवारी पेटणार. सत्तावीसला, दुपारी. शुक्रवारी गुड फ्रायडे, कारखाना बंद, म्हणून त्याआधी धातू ओतायलाच हवा. माझ्याकडे परवानगीचा कागद आहे, आणि त्या कागदावर मी काम करतो. तोंडी कुणी काहीही सांगो. पण गुरुवारी भट्टी पेटायच्या आत दुसरा कागद आला तर थांबेन. अगदी आनंदानं थांबेन."

बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, सर्दी आहे.

शनिवार, २२ मार्च

ट्रुरोहून आलेली मिस्टर सीवेल यांची कार्डं काढली. १९४७ ते १९६९, दर नाताळला एक. प्रत्येकावर साधारण एकच ओळ. 'आपला जुना ऑर्गन कसा आहे?' आणि मी प्रत्येक वर्षी तपशीलवार कळवत असे. उंदरांनी भात्याचं चामडं कुरतडलं, बास नळीला पोचा आला, नवीन वादकाला पाय वापरता येत नाहीत. चार-चार पानं. त्या पत्रांतूनच पुढे पुस्तिका झाली.

स्वतःबद्दल मी कधी काही लिहिलं नाही. त्यांनी ऑर्गनबद्दल विचारलं होतं.

१९७० साली कार्ड आलं नाही. पुढच्या जानेवारीत त्यांच्या बहिणीचं पत्र आलं. आमचा लॉरी ऑक्टोबरात गेला, एकटाच राहत होता. तुमची सगळी पत्रं वर्षांप्रमाणे लावून ठेवलेली सापडली, परत पाठवू का? मी उलट टपाली लिहिलं, माझ्याकडे नकला आहेत, जाळून टाका.

ते पत्र मी आज चार वेळा वाचलं. माझं नव्हे, तिचं. कार्डांवरचा 'आपला' हा शब्द मी तेवीस वर्षं चर्चचा म्हणून वाचत आले.

मिस्टर थॅकवेलनी विचारलं होतं, ती रांग असते कशासाठी.

रविवार, २३ मार्च

पाम संडे. येशूच्या मिरवणुकीसाठी गाढव आणलं होतं, त्यानं रेव्हरंड पार्जिटरच्या झग्याची कड खाल्ली. या महिन्यात एवढंच एक चांगलं झालं.

आर्चडीकनना, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना, पाठवायच्या माझ्या अर्जावर डोरीननं सही केली. आधी वाचला. पूर्ण, ओठ हलवत. मग म्हणाली, "अ‍ॅग्नेस, हे शेवटचं... हे खरंच लिहायचंय तुला? आर्चडीकन वाचतील. त्यांचा कारकून वाचेल."

"पत्रं वाचण्यासाठीच असतात. मी एकतीस वर्षं दुसऱ्यांची पोचवली."

तिनं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला, पण लगेच नाही.

सोमवार, २४ मार्च

पहिल्या टपालानं पाठवलं. नक्कल इथे ठेवते.

आर्चडीकन, बिशपांची कचेरी, लिंकन, यांस.

महोदय,

वेल्सबीच्या सेंट बोटॉल्फ चर्चच्या ऑर्गनमधून ४ मार्च रोजी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी डल्सिआना ही रांग काढण्यात आली. त्याला माझी हरकत आहे.

नोटीस अशा दारावर लावली होती, जे नाताळपासून ईस्टरपर्यंत उघडत नाही. हे विश्वस्त मिसेस फॉयल यांनी सहीनिशी मान्य केलं आहे. म्हणून हरकत घेण्याची मुदत गावाला मिळालीच नाही.

परवानगी माझ्या पुस्तिकेच्या आधारावर देण्यात आली. ती पुस्तिका अपुरी आहे, आणि दोष माझा आहे. पान चौदावर 'भाता हातानेच मारला जाई' असं मी लिहिलं आणि कुणी, ते लिहिलं नाही. ऑगस्ट १९४३ ते मे १९४७ या काळात भाता मी मारला. त्या काळात ऑर्गनवादक श्री. लॉरेन्स सीवेल यांनी प्रत्येक उपासनेच्या शेवटी केवळ ही रांग वाजवली, कारण तिला हवा फार थोडी लागते आणि मागे उभं असलेल्या माणसाला विसावा मिळतो. एकोणचाळीस वर्षं मी याला त्यांचा हट्ट समजत होते. हे मला गेल्या बुधवारी कारखान्यात कळलं. त्यांना सांगायला आता उशीर झाला आहे.

१८७१ साली जे नव्हतं ते ऑर्गनचं नव्हे, असं मिस्टर थॅकवेल म्हणतात. माझं म्हणणं असं, की ऑर्गनमध्ये काय काय झालं तेही ऑर्गनचंच असतं. ही रांग मंडळींना ऐकू येत नाही हे खरं आहे. ती मंडळींसाठी वाजवली जात नव्हती.

भट्टी गुरुवारी दुपारी पेटणार आहे. तोवर काम स्थगित करून नळ्या जशाच्या तशा ठेवण्याचा आदेश आपण कारखान्याचे मिस्टर कॉटरिल यांना द्यावा, आणि त्याची प्रत मला पाठवावी. हे पत्र आपल्याला मंगळवारी सकाळी मिळेल. आपण बुधवारी दुपारी चारच्या आत टपालात टाकलंत तर ते गुरुवारी पहिल्या वाटपात माझ्या दारात येतं, हे मी पूर्ण खात्रीनं सांगू शकते.

कृपया फोन करू नये. फोनवर माणसं समजूत घालतात. मला समजूत नको, नळ्या हव्या आहेत.

लेखी उत्तर गुरुवार, २७ मार्च १९८६, दुपारी बारा वाजण्याच्या आत.

अ‍ॅग्नेस रुडकिन